चिकूचे तीन खोटे झटके

परवा सकाळी मंठ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिकूची गोळी वाढवायला पेन उचललं... आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण आधी थोडं मागचं सांगतो.

चिकू आमचा देशी कुत्रा, वय अडीच वर्षं. जालन्याला कॉलेजच्या कँटीनमागे तो मला आणि माझ्या वर्गातल्या स्नेहलला सापडला होता. हजेरीवरून एका सरांशी भांडून मी सेकंड इयरलाच कॉलेज सोडलं, आणि घरी येताना बॅगेच्या आधी चिकूला गाडीत घातलं.

स्नेहलनं डिग्री पूर्ण केली, पुण्याला नोकरीला गेली. मी मात्र अजून तिच्यापाशीच अडकलोय... कळलं असेल.

सात महिन्यांपूर्वी चिकूला पहिली फिट आली. ओसरीत आडवा पडला, पाय झाडायला लागला, तोंडाला फेस. अण्णा, म्हणजे माझे वडील, पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावायला धावले. मी एवढा ओरडलो की शेजारी गोळा झाले.

"माणसाला हुंगवतेत, मंग कुत्र्याला काय झालं?" हे अण्णांचं म्हणणं आजही कायम आहे.

डॉक्टरांनी मिरगी सांगितली. सकाळी सातला एक गोळी, संध्याकाळी सातला एक, चुकवायची नाही. आणि प्रत्येक झटक्याची नोंद ठेवायची, कारण गोळी किती द्यायची ते त्या नोंदीवर ठरतं.

हे ऐकून स्नेहलनं पुण्याहून एक पट्टा पाठवला. त्यात काडेपेटीएवढं यंत्र. चिकूचं अंग जोरजोरात हललं की फोनवर मेसेज येतो, कधी हललं, किती सेकंद हललं. पण नुसतं खाजवलं तरी त्याला झटकाच वाटतो. म्हणून ॲप विचारतं, खरंच झटका होता का? 'हो' किंवा 'नाही' दाबायचं.

मेसेज दोन फोनवर जायचा... माझ्या आणि तिच्या.

एरवी तिचे फोन कमी कमी होत चालले होते. पण पट्टा वाजला की दोन मिनिटांत तिचा फोन. "कसाय रे तो? किती वेळ चालला?" मग चिकूवरून गोष्ट इकडंतिकडं जायची. वीस-वीस मिनिटं...

मागच्या महिन्यात एक दिवस चिकू कान खाजवत बसला होता. पट्टा वाजला, तिचा फोन आला. मी 'नाही' दाबायला पाहिजे होतं. 'हो' दाबलं. असं तीनदा केलं.

तर परवा डॉक्टर ती यादी बघत म्हणाले, "महिन्यात चार? आधी तर एखादाच असायचा. गोळी वाढवावी लागेल."

वाढवल्यानं काय होईल, सोबत आलेल्या अण्णांनी विचारलं. सुस्त राहील, मागचे पाय लटपटतील, लिव्हरवर ताण येईल, पण इलाज नाही... चिकू तेव्हा टेबलावर बसून, माझ्याकडं बघत माझं मनगट चाटून राह्यलता.

तोंडातून कसं निघालं माहीत नाही. "डॉक्टर, थांबा. त्यातला एकच खरा आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "यंत्र चुकलं तर मी समजू शकतो. मालकच खोटं लिहायला लागला तर मी औषध कुणाला देऊ?"

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी टेबल उलटं केलं असतं. चिकूला उचलून खाली घेतलं. गोळी होती तेवढीच राहिली.

घरी दारात गाडी लावताना अण्णा म्हणाले, "त्या पोरीशी बोलायचं तर सरळ फोन लाव ना. कुत्र्याच्या नरड्यातून कशाला लावून राह्यला?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं... बिलकुल सगळं.

स्नेहलला फोन लावला. सांगून टाकलं. ती म्हणाली, "एकदा मी मीटिंग सोडून जिन्यात जाऊन रडले होते. तो खरा होता की खोटा?"

खोटा होता. तेही सांगितलं.

"माझा नंबर काढ त्यातून. अण्णांचा टाक." आणि ठेवायच्या आधी, "गोळी वेळेवर देत जा."

नंबर काढला. त्या तीन नोंदींवर जाऊन 'हो'चं 'नाही' केलं. अण्णांना मेसेज कसा बघायचा ते शिकवलं, आवाज न चढवता... माझ्यासाठी हे मोठं काम होतं. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् चप्पल?"

"चप्पल न्हाई, अण्णा."

सात वाजता भाकरीच्या घासात गोळी दिली. चिकू आईच्या जुन्या साडीवर पसरला आणि झोपला. त्या सकाळी दवाखान्यातल्या टेबलावरून त्यानं माझ्याकडं जसं बघितलं होतं, तसं अजून माझ्याकडं कुणी बघितलेलं नाही. त्याला यातलं काही कळलं नाही, हे माझं नशीब.

मी घराबाहेर पडलो की सगळ्या गल्लीला कळतं, कारण दार आपटल्याशिवाय मी कधी गेलोच नाही. त्या संध्याकाळी माझा फोन अण्णांपाशी ठेवला, बाहेर आलो, आणि दार इतकं हळू लावलं की चिकूचा कानसुद्धा हलला नाही.