कसलं अस्वल?

कपाट आवरताना जुन्या सीडींचा डबा उघडला आणि उरवडे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीचा ओलसर वास आला. तेव्हा मी तिशी ओलांडली होती, तिथल्या एका कंपनीत नोकरीला होतो आणि इंग्रजी कार्टूनचं वेड सगळ्यांपासून लपवत होतो. एका रविवारी घरमालक दगडूकाकांनी मला पकडलंच. उडालेल्या टोपीमागे धावणारं अस्वल बघून ते खोकला येईपर्यंत हसले. "शेत इकल्यापासनं आज पयल्यांदा हसलो बग," म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी ऑफिसातले दोघे माझ्याकडे आले होते. काका दारात येऊन म्हणाले, "लाव की रं आपलं त्ये अस्वल!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कसलं अस्वल, काका?"

"न्हाई, माजंच चुकलं," ते म्हणाले आणि हळूहळू जिना उतरून गेले.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर कितीदा बोलावलं, पण "काम हाय" म्हणून ते पुन्हा कधी आले नाहीत.

आता मी कुणापासून काही लपवत नाही. तेवढी ताकदच उरलेली नाही. ज्यांच्यासमोर मी तेव्हा इतका लाजलो, त्या दोघांची नावंही आज मला आठवत नाहीत.