आणखी एकदा घेऊ

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. सोलापूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतानाही मी फळ्यापुढे येरझाऱ्या घालायचो, आणि रविवार उजाडला की सायकल काढून मोहोळच्या बाजूच्या माळावर. तुमच्या पायाला भिंगरी आहे, असं बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं. माळढोक शोधायचे, वहीत टिपायचे, माळ नांगरू देऊ नका म्हणून कचेऱ्यांना अर्ज पाठवायचे. त्या अर्जांना कुणी उत्तर देत नसे. म्हणून माळढोकावर कार्यक्रम करायचाय असं मुंबईच्या टेलिव्हिजनवाल्यांचं पत्र आलं तेव्हा मी हुरळून गेलो. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन दिसतसुद्धा नव्हता, पण मुंबईत मंत्री बघतात म्हणे.

माळढोकाचं अंडं मला आक्काने दाखवलं होतं. ही माळावर मेंढरं राखणारी बाई, माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठी. माळढोकीण वर्षाला एकच अंडं घालते, तेही गवतामधल्या उघड्या जमिनीवर, आणि दुपारी त्यावरून उठली तर उन्हाने ते आतल्या आत मरतं. हे मीच मुलांना शिकवत असे. चित्रीकरण पहाटे, पंधरा मिनिटांत उरकायचं, असं मी मुंबईकरांना बजावून ठेवलं होतं.

जीप आली ती अकरा वाजता. वाटेत पंक्चर झालं होतं. त्यांना रात्रीच्या गाडीने परतायचं होतं. भाद्रपदाचं ऊन चटचट भाजत होतं. उद्या या, असं म्हणायला हवं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

आम्ही जवळ गेलो तशी माळढोकीण उठली, चालत लांब गेली आणि मान ताठ करून उभी राहिली. मी अंड्याशेजारी उकिडवा बसलो. पहिल्या वेळी माझ्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘हाय’ गेलं. दुसऱ्या वेळी वारा माईकमध्ये शिरला. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं. निर्माता म्हणाला, छान, झालं. आणि मीच म्हणालो, “आणखी एकदा घेऊ.” मला वाटलं, शेवटचं वाक्य जरा पडलं.

बांधावरून आक्का ओरडली, “मास्तर, उठा की आता. लई वेळ झाला. बसू द्या तिला.”

तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला. मी वैतागून तिला हातानेच गप्प राहायची खूण केली, आणि आम्ही पाचव्यांदा घेतलं.

जीप हलल्यावर माळढोकीण परत येऊन बसली. मला हायसं वाटलं. पण त्या दिवसापासून शाळा सुटली की मी माळावर. रात्री झोप लागेना, वर्गात चुकीची पानं शिकवायला लागलो. पिल्लू बाहेर यायचे दिवस आले आणि गेले. ती बसूनच होती. पुढे आठवडाभर बसली, आणि एका सकाळी निघून गेली. अंडं उचलून पाहिलं तेव्हा त्याला वास येत होता. दोष माझा होता, दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

कार्यक्रम मुंबईत फार गाजला. पत्रं आली, आणखी कार्यक्रम मिळाले, अर्जांना उत्तरंही यायला लागली. पुढे लोक मला त्या पडद्यामुळेच ओळखू लागले. पहिल्या कार्यक्रमात मी अंड्याकडे बोट दाखवून म्हणतो, काही दिवसांत यातून पिल्लू येईल. मी तो पुन्हा कधी बघितला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरताना मी माळावर गेलो. आक्काने पाणी दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. औंदा अंडं दिसलं का, असं मी विचारलं.

“न्हाय मास्तर,” ती म्हणाली, “औंदा काय न्हाय.”

बोलता बोलता ती उठली आणि गवत सगळ्यात दाट होतं त्या तुकड्याकडे निघालेली मेंढरं खडे मारून मागे वळवू लागली. मला काय ते कळलं, आणि मी तिकडे बघितलं नाही. सायकल उचलली आणि रस्त्याला लागलो.