ल्यूटच्या पोटातल्या अक्षता

ह्यूस्टनच्या विमानतळावर भाची इरा मला घ्यायला आली, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर आधीच कोणीतरी पट्टा बांधून बसलं होतं. "मावशी, तू पुढे बस. माझं ल्यूट मागेच बसतं," इरा म्हणाली. ल्यूट (युरोपातलं जुनं तंतुवाद्य) म्हणजे अर्धा कापलेला भोपळा, त्याला मागे मोडलेली मान, आणि तारा मोजायला बसावं तर पुढ्यातलं जेवण निवून जाईल इतक्या. बाहेर दमट उकाडा होता, पण एसी ल्यूटच्या प्रकृतीला मानवेल तेवढाच. दोन विमानं बदलून आलेल्या मावशीच्या प्रकृतीची चौकशी त्यानंतर झाली.

शुगर लँडला माझी धाकटी बहीण सुलभा राहते. मेहुणे डॉक्टर. इराने ॲरिझोनातल्या चँडलरच्या, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून हे वाद्य धरलं, तेव्हापासून सुलभा लोकांना सांगते, "सध्या तिने ब्रेक घेतलाय." वाद्याचं ती नावही घेत नाही.

खंडेनवमीला चार-पाच तासांवरच्या प्लेनोच्या एका चर्चमध्ये इराचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. सकाळी आम्ही दोघी वरून खाली आलो तर सुलभाने पूजा मांडलेली. चौरंगावर मेहुण्यांचा स्टेथोस्कोप, लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं ल्यूट. थेट स्टेथोस्कोपच्या मांडीला मांडी लावून. इरा जिन्यातच थांबली. तिचे डोळे भरले, आणि खोटं कशाला सांगू, माझेही.

तेवढ्यात सुलभा म्हणाली, "आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही."

मेहुणे बिचारे टॅक्सी करून, रिकाम्या गळ्याने हॉस्पिटलात गेले होते. आता ल्यूट उचलावं तर आईने पहिल्यांदा दिलेला मान उधळल्यासारखं, आणि न उचलावं तर कार्यक्रम बुडाला. "मावशी, आय कान्ट आस्क हर," इरा माझ्या कानाशी म्हणाली.

शेवटी मी थोरलेपणा गाजवला. "हत्यारांचीच पूजा आहे ना? मग तुझी जीभही ठेव चौरंगावर. तिलाही उद्यापर्यंत हलवायचं नाही." सुलभा हसली नाही, पण जरा विरघळली. उत्तरपूजा आत्ताच उरकायला ती तयार झाली. मात्र पाप लागलं तर ते ताईला, अशी अट घालून. मी पाप पदरात घेतलं. मग तिने मूठभर अक्षता अशा भक्तीने टाकल्या, की ल्यूटच्या छातीवरच्या कोरीव जाळीतून निम्म्या आत गेल्या.

आम्ही तिघी निघालो. हायवेवर ब्रेक लागला की मागून खुळखुळा वाजे. वाटेत पेट्रोल पंपावर कोलाची (फळांचा गर भरलेला मऊ गोड पाव) खाल्ली. मग तिथेच इराने ल्यूट उलटं धरून हलवलं, खाली सुलभाने पैठणीचा पदर पसरला आणि मी दाणे वेचले. काउबॉय टोपीवाले एक आजोबा बराच वेळ बघत होते. वाद्य मोडलंय का, त्यांनी अदबीने विचारलं.

"नो," सुलभा म्हणाली. "इट इज ब्लेस्ड."

आजोबांनी टोपी काढली.

चर्चमध्ये इराने सूर जुळवायलाच इतका वेळ घेतला, की पुढच्या रांगेत एकाची डुलकी झाली. पण ती वाजवू लागली आणि माझं हसू मावळलं. इतका हलका, जवळून बोलल्यासारखा आवाज मी ऐकला नव्हता. फक्त खर्जाची एक तार छेडली की आत राहिलेला एक दाणा थरथरायचा, आणि सुलभा माझा हात आवळायची. कार्यक्रमानंतर शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते? मी श्वास रोखला.

"शी प्लेज द ल्यूट," सुलभा म्हणाली. "फुल टाइम."

आता नाशिकला परतून महिना झाला. परवा इराचा फोन आला होता. दाणा अजून वाजतो म्हणाली. मग कारागिराकडे नेऊन काढून का घेत नाहीस, मी विचारलं.

"नको मावशी," ती म्हणाली. "आईने टाकलाय."