पूजेतला कॅमेरा

"हात नको लावूस ना गं. पूजेतला आहे."

अनघा एवढंच म्हणाली. आवाजही चढवला नाही. कॅमेरा छातीशी धरला आणि मागे सरकली.

बोरिवलीला, कान्हेरी लेण्यांच्या माथ्यावरच्या कातळावर आम्ही उभे होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉलेजच्या भूगोलाची सहल. दसरा नुकताच झालेला. दुपारी पूर्वेला ढग चढायचे, फुगत फुगत काळे व्हायचे. सरांनी काम दिलं होतं, प्रत्येकाने स्वतः ढगांचे फोटो काढायचे, तक्त्यावर लावायचे. प्रॅक्टिकलचे मार्क त्यावरच. आमच्या गटात कॅमेरा एकच, अनघाच्या वडिलांचा. खंडेनवमीला त्यांच्या घरी त्याची पूजा झाली होती. चामड्याच्या कव्हरवर हळदकुंकवाचं बोट अजून तसंच होतं.

पण आमच्या गटातल्या नीलिमाने तो हाताळला होता. मुलांनीही. एकाच्या बोटांना तर चिवड्याचं तेल होतं. माझा नंबर आला तेव्हाच अनघाला पूजा आठवली. मी मानखुर्दच्या वस्तीतली. बाप महापालिकेत सफाईला. सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं डोकं लगेच तापतं. तेव्हाही तापायचं. पण त्या दिवशी मी भांडले नाही. घासाघीस केली. आईबरोबर भाजीच्या पाटीमागे बसून शिकलेली विद्या.

"पट्टा तुझ्या गळ्यातच राहू दे. मी नुसतं बटण दाबते."

ती गप्प.

"बरं, रुमाल गुंडाळून धरते."

गप्प.

"बरं, तूच धर, तूच दाब. कुठला ढग ते मी सांगते."

चिवड्याच्या बोटांचा तो मुलगा म्हणाला, "यार, ही तर मेथीच्या जुडीसारखा भाव करतेय." सगळे हसले. मीही हसले. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू आहे.

सर आले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. म्हणाले, "वाद कशाला? ढगांवर काय कुणाचं नाव असतं? अनघा काढेल. तू वाऱ्याची दिशा लिहून घे."

मी लिहून घेतली.

घरी बापाने आधीच बजावलं होतं. नापास झालीस तर कॉलेज बंद. वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. तक्ता रिकामा राहिला तर काय होणार, हे मला सरांपेक्षा चांगलं कळत होतं.

पुढच्या आठवड्यात अनघा वर्गात आली ती पाकीट घेऊन. "तुझ्यासाठी जास्तीच्या कॉप्या काढून आणल्यात. खाली तुझंच नाव टाक. कोणाला कळणारे?"

पाकीट तिने माझ्या हातात दिलं नाही. बाकावर ठेवलं आणि बोटाने पुढे सरकवलं.

मी फोटो पाहिले. चांगले होते. मी सांगितलेला ढगही त्यात होता, डोंगरावर चढून बसलेला. नाव माझं चालत होतं. हात चालत नव्हता. तिथे माझ्या आतलं काहीतरी तुटलं. पाकीट मी तसंच परत सरकवलं.

तक्त्यावर मी पट्टीने चौकटी आखल्या. चारी कोपऱ्यांना फोटो अडकवायची काळी टोकं चिकटवली. आत काहीच नाही. खाली लिहिलं, "बोरिवली, दुपार. पूर्वेचे ढग. मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, म्हणून फोटो नाहीत." आणि भिंतीवर टांगला, सगळ्यांच्या रांगेत.

सरांचा चेहरा उतरला. "काढ तो. अनघाचे फोटो लाव, आत्ता मार्क देतो."

"ते मी काढलेले नाहीत, सर."

"थोडं समजून घे गं. वर्ष जाईल तुझं."

"ढगांवर नाव नसतं म्हणालात. मग तक्त्यावर कशाला हवं?"

सरांनी स्वतःच तक्ता उतरवला. गुंडाळी करून कपाटावर टाकला.

वर्ष गेलं. कॉलेज गेलं. आई पाटी डोक्यावर घेताना म्हणाली, "चार कागद चिकटवायचे होते गं. आपलं काय जात होतं?" तिच्या शेजारी बसून मी कोथिंबिरीवर पाणी मारत राहिले. तिचंच खरं असावं असं वाटायचं. सगळं संपलं असं वाटायचं. ढगांचा विषय माझ्यासाठी नुसता पुस्तकातला नव्हता, तो माझा होता, आणि आता मान वर करून ढगांकडे बघायचीही इच्छा उरली नव्हती.

आज गोरेगावात माझा छपराच्या पत्र्यांचा धंदा आहे. एकटीने उभा केला. भावात मला खाली आणणारा अजून भेटलेला नाही. लोक म्हणतात, बाई फार तिखट आहे, जुनं उगाळत बसते. बसते. त्या कातळावर मी स्वतःला पायरी पायरीने उतरवलं होतं, आणि समोरचीने एकही पायरी मागितली नव्हती. ती नुसती गप्प होती.

पत्र्याचा सौदा मी करीन. माझ्या हाताचा करणार नाही. कुणी समजून घे म्हणालं, वर्ष जाईल म्हणालं, तरी नाही. माझा नंबर आला की माझा हात लागेल. नाही तर जागा कोरी राहील, आणि ती कोणी कोरी ठेवली ते मी खाली लिहीन.