मान धरली आणि सोयरीक जुळली

ज्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा आमच्या घरी येणार होती, त्या सकाळी माझी मान डावीकडे वळली आणि तिथेच राहिली.

दोष मानेचा नव्हता. हिंजवडीतली नोकरी मी आठवड्यातले तीन दिवस खडकीतल्या आमच्या घरून करतो. म्हणजे सोफ्यावर आडवा होऊन, लॅपटॉप पोटावर, हनुवटी छातीवर. उरलेला वेळ मोबाईल. (तोही आडवाच!)

"आई गं!" मी ओरडलो.

"उशी उन्हात टाक," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

उशी गॅलरीत गेली. मान जागच्या जागी. मग आईने बाम चोळला, इतका की पोह्यांनाही त्याचा वास लागला. बाबांनी मानेवरून लाटणं फिरवलं. लाटणं छान फिरलं, मान नाही!

"दादा, प्लीज! त्यांच्यासमोर तुझी दुखणी सांगत बसू नकोस," सुजाता काकुळतीला आली. मुलगा तिने स्वतः निवडला होता, ती शिकवते त्याच शाळेतला विज्ञानाचा शिक्षक. आता फक्त मोठ्यांचा होकार हवा होता. मी शब्द दिला.

अकरा वाजता मुलगा, म्हणजे प्रशांत, आणि त्याची आई नंदाताई आले. "जय भीम" झालं. बाबांनी पाहुण्यांना नेमकं माझ्या उजवीकडे बसवलं. माझ्यासमोर उरला फ्रिज.

"रोज हिंजवडीला जाता?" प्रशांतने विचारलं.

"तीन दिवस घरूनच असतो," मी फ्रिजला सांगितलं. "पोहे घ्या ना, लाजू नका!" आग्रहही फ्रिजलाच केला.

नंदाताईंचा चमचा थांबला. "दादांना हा संबंध पसंत नाही का?"

"छे, छे!" म्हणत मी मान हलवायला गेलो आणि अशी कळ आली, की चेहरा कारलं चावल्यासारखा झाला. "आई गं... नाही! नाही!"

"पसंत नाही की तसं नाही? एकदा काय ते सांगून टाका," नंदाताई म्हणाल्या.

सुजाताचे डोळे भरून आले. बाबांना राहवेना. "अहो, त्याची मान धरलीये!" असं म्हणून त्यांनी थेट शेजारच्या बनसोडे काकांना हाक मारली. काका तरुणपणी कुस्ती खेळायचे.

"एक झटका, विषय संपला!" काकांनी मागून माझी हनुवटी पकडली.

"काका, हळू..."

"डोळे मीट!"

"हात काढा!" नंदाताई कडाडल्या. काकांनी दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे.

नंदाताई सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. (सुजाताने हे मला सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा मोबाईल बघत होतो.)

"हाताला मुंग्या? बधिरपणा? ताप? कुठे पडलात, आपटलात?"

"नाही."

"मग घाबरू नका, स्नायू आखडलाय. पण मानेला झटका कुणालाही देऊ द्यायचा नाही. पेशंट जायबंदी होतो."

बनसोडे काका गुपचूप पोहे घेऊन बसले.

नंदाताईंनी गरम पाण्याची पिशवी मागवली. मान शेकली, खांदे सैल सोडायला लावले, मग हळूहळू मान वळवायला सांगितली. "दुखेल तिथे थांबा. घाई कशाची?" अर्ध्या तासाने मान इतकी वळली, की मला होणारे मेव्हणे पहिल्यांदा दिसले. (चांगले होते हो दिसायला!)

मग त्यांनी माझा लॅपटॉप टेबलावर, माझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला. "स्क्रीन डोळ्यांसमोर हवा. दर अर्ध्या तासाने उठायचं." ती पुस्तकं आयुष्यात प्रथमच कामाला आली.

मला खरंच भरून आलं. ज्या बाईंपासून मी तोंड फिरवून बसलो होतो, त्यांनी हातातली बशी बाजूला ठेवून माझी मान शेकली होती. अशा घरात सुजाता जाणार, याहून जास्त काय हवं? मी त्यांच्याकडे नीट बघत म्हणालो, "ताई, मला हा संबंध पसंत आहे. शंभर वेळा!"

निघताना बाबांनी चाचरत विचारलं, "मग... आपलं काय ठरलं?"

"मुलगी पसंत आहे," नंदाताई चपला घालत म्हणाल्या. "चिरंजीवांना मात्र पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला आणा."

बघण्याच्या कार्यक्रमात आमची मुलगी एका बैठकीत पसंत पडली. मला मात्र आणखी तीनदा दाखवावं लागलं!