सुईवरचा टाका

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी सुशीलाकाकू क्रोशाची लेस विणत बसतात. त्यांचे यजमान आणि माझा भाऊ आठवड्यातून तीनदा, चार-चार तास आत असतात. वाट पाहूनही माणूस दमतो. काकू दमल्या की विणायला घेतात. साखळी, तीन खांब, पुन्हा साखळी. तेवढा वेळ दुसरं काही मोजावं लागत नाही.

आज त्यांनी चार ओळी उसवल्या. एक खांब कमी पडला होता.

"कोण बघणार आहे, काकू?"

"आमचे हे बघतात. बायकोची चूक सापडली की तेवढीच तरतरी येते त्यांना."

"मग राहू द्या की!"

"वा! अशी फुकटात?"

तेवढ्यात नर्सने दारातून काकूंना हाक मारली. यजमानांचं प्रेशर एकदम उतरलं होतं. काकूंनी विणकाम माझ्या हातात दिलं. "सुईवरचा टाका सुटू देऊ नका हं. सगळं उसवेल."

क्रोशाच्या सुईवर एकच टाका असतो. बाकीची वीण त्याच्या भरवशावर असते.

पाऊण तास झाला. दार उघडलेलं नाही. बोटं आखडली आहेत, पण टाका सुईवर आहे.