राजाची एक उडी

निहार, सई, आज सकाळचा डाव संपल्यावर लगेच लिहायला बसले, कारण तुम्हां दोघांचे आभार मानायचे राहून गेले.

टॅबलेटवरच्या बुद्धिबळात मी राजाला घोड्यासारखं अडीच घरं नेलं आणि तो निमूटपणे सरकत आपल्या जागी परत आला. आपण ऑनलाइन खेळायला लागल्यापासून हे असंच चाललं आहे. माझ्या वडिलांनी शिकवलेल्या देशी बुद्धिबळात शह लागण्याआधी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई, आणि प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. आता मी राजा-हत्तीची ती अदलाबदल, कॅसलिंग, शिकले, प्यादी दोन घरं ढकलते, पूर्वीसारखी लगेच हरतही नाही. पण जुनी सवय बोटांतून जात नाही. निहार कंटाळेल आणि रविवारचा आपला डाव बंद पडेल, ही धास्ती मनात होती.

आज कॉलवर निहार हसला. "आजी, पुन्हा उडी?"

"अरे, तुझा शह लागायच्या आत पळवत होते त्याला!"

"मग पळव ना. मी लाकडी पट आणलाय. तुझ्या सोंगट्या मी हलवीन."

"दादा फसवेल हं, आजी. मी बघते त्याच्याकडे," सई म्हणाली.

मग आपण देशी नियमांनी खेळलो. माझ्या राजानं तुमच्या त्या परदेशातल्या टेबलावर ऐटीत उडी मारली, आणि तरीही मी हरले.

वडील नाहीत, त्यांचा पटही कुठे उरला नाही. ती उडी मात्र अजून आहे.